अ‍ॅक्रिलिकचा फिश टँक घरी छोटा करायचाय? लांबी कापायची की उंची, ते आधी ठरवा

पिंपळनेरला माझ्या आतेभावाचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. काउंटरच्या बाजूला तीन फुटी अ‍ॅक्रिलिक टँक आणि त्यात गोल्डफिश. गिऱ्हाईक स्क्रीन बदलून होईपर्यंत मासे बघत बसतं. मागच्या वर्षी दुकान छोट्या गाळ्यात हलवलं आणि तीन फुटी टँक काही मावेना. त्यात टँकची पुढची बाजू मधोमध बाहेर फुगलेली. आतेभाऊ म्हणाला, "हाई टाकी ते पोट काढी ऱ्हायनी भो. तू इंजिनिअर शे ना, कापी दे एक फूट."

मी सॉफ्टवेअरवाला. पण घरात इंजिनिअर म्हटलं की मिक्सरपासून मोटरपंपापर्यंत सगळं आपल्याच गळ्यात. मी टँक कापला, जोडला, आणि बसवल्यावर तिसऱ्या रात्री तो फुटला. सकाळी शटर उघडलं तर काउंटरखालच्या ड्रॉवरमध्ये पाणी, त्यात गिऱ्हाइकांचे मोबाईल, आणि जमिनीवर पडलेला एक्स्टेंशन बोर्ड ओला. उरलेल्या चार इंच पाण्यात मासे आडवे पोहत होते. ते वाचले. कुणाला शॉक लागला नाही, हे निव्वळ नशीब.

दुसऱ्यांदा मात्र आधी हिशोब केला आणि मग करवत हातात घेतली. हा लेख त्या हिशोबाचा आहे. टँकचा साइज बदलणं शक्य आहे, पण कोणती बाजू कापता, कोणत्या महिन्यात जोडता आणि टेस्ट कशी करता, यावर सगळं अवलंबून आहे.

अ‍ॅक्रिलिकच का कापता येतं?

काचेचा टँक सिलिकॉनने चिकटवलेला असतो. साधी काच असेल तर सिलिकॉन ब्लेडने काढून पाट्या वेगळ्या करता येतात. टफन्ड काच असेल तर ती कापताच येत नाही, कापायला गेलात की पूर्ण पाटीचा चुरा होतो.

अ‍ॅक्रिलिक म्हणजे एक प्लास्टिक, रासायनिक नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. लाकडासारखं करवतीने कापता येतं. त्याचा खरा गुण जोडात आहे. इथे आपण 'गोंद' म्हणतो तो मुळात गोंद नसतो. ते एक पातळ सॉल्व्हंट असतं. दोन्ही कडा ते थोड्या विरघळवतं, विरघळलेलं प्लास्टिक एकमेकांत मिसळतं आणि सॉल्व्हंट उडून गेलं की दोन तुकडे एकच होतात. वेल्डिंगच म्हणा ना.

जपानमधल्या ओकिनावाच्या चुराउमी अ‍ॅक्वेरियमची मोठी खिडकी ८.२ मीटर उंच, २२.५ मीटर रुंद आणि ६० सेंमी जाड आहे. एवढी जाडी एकावर एक थर जोडूनच मिळते. आपल्याकडे मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयातही २०१५ च्या नूतनीकरणात १२ फुटांचा अ‍ॅक्रिलिक बोगदा बसवला. वाकवता येणं, जोडता येणं आणि काचेपेक्षा निम्म्याहून कमी वजन, या तीन गोष्टींमुळे मोठ्या मत्स्यालयात हेच वापरतात.

पण एक तोटा लक्षात ठेवा. अ‍ॅक्रिलिक काचेपेक्षा वीसेक पट जास्त वाकतं. म्हणूनच टँकला पोट सुटतं.

लांबी की उंची? हा हिशोब आधी करा

पाण्याचा दाब फक्त उंचीवर ठरतो. टँक दोन फूट लांब असो की वीस फूट, तळाशी दाब तेवढाच. लक्षात ठेवायला सोपं: पाणी जितके सेंटिमीटर उंच, तितके ग्रॅम वजन तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर. ४५ सेंमी पाणी म्हणजे ४५ ग्रॅम.

आमचा टँक साधारण ९० सेंमी लांब, ३८ रुंद आणि पाण्याची उंची ४५ सेंमी. म्हणजे सुमारे १५४ लिटर. पुढच्या पाटीवर एकूण जोर काढायचा तर उंचीचा वर्ग, भागिले दोन, गुणिले लांबी. उत्तर येतं ९१ किलो. एक धडधाकट माणूस सतत आतून पाटीवर रेलून बसलाय असं समजा.

आता हा टँक दोन तऱ्हांनी छोटा करून बघू.

पहिला पर्याय: लांबी ९० वरून ६० सेंमी. पाणी उरतं साधारण १०३ लिटर. पुढच्या पाटीवर जोर ६१ किलो. पण तळाशी दाब तोच, ४५ ग्रॅम.

दुसरा पर्याय: लांबी तशीच, पाण्याची उंची ४५ वरून ३० सेंमी. पाणी उरतं, बरोबर, तेच १०३ लिटर. पण जोर आता फक्त ४० किलो आणि तळाशी दाब ३० ग्रॅम.

पाणी तेवढंच, मासे तेवढेच, पण उंची कमी केली तर टँकला आराम कितीतरी जास्त. फुगवट्यात तर फरक आणखी मोठा. लांब टँकच्या मधल्या भागाचा ढोबळ हिशोब केला तर उंची दोन तृतीयांश केल्यावर फुगवटा साधारण आठव्या हिश्श्यावर येतो.

आणि खरी मेख पुढे आहे. लांबी कापली की एक अख्खी बाजू नव्याने जोडावी लागते. म्हणजे तळाला एक आणि दोन उभे असे तीन नवे जोड, तिन्ही पाण्याखाली, पूर्ण दाबात. उंची वरून कापली तर पाण्याखाली नवा जोड एकही नाही. कारखान्यातले जोड जसेच्या तसे राहतात. फक्त वरची पट्टी पुन्हा बसवायची.

म्हणून नियम सोपा: जागा परवानगी देत असेल तर आधी उंची कमी करा. लांबी कापणं हा दुसरा पर्याय.

आणि मोठा करायचा असेल तर? नका करू. लांबी वाढवायची म्हणजे पाटीच्या मधोमध, जिथे ती सगळ्यात जास्त वाकते तिथे, सहा मिलिमीटरच्या कडेला कड लावून जोड द्यायचा. उंची वाढवली तर जुन्या पाट्यांवर त्यांना न झेपणारा दाब येतो. पाटीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिमीच्या जागी १० मिमी घेतलं तर ताठपणा साडेचार पटींहून जास्त. त्यामुळे मोठा टँक हवा असेल तर जाड शीटचा नवाच घ्यावा.

कापण्याआधी तपासणी

टँक रिकामा करून, पुसून, उन्हाकडे तिरका धरून बघा. आतमध्ये केसासारख्या बारीक चकाकणाऱ्या रेषा दिसल्या तर ते क्रेझिंग, म्हणजे ताणामुळे पडलेल्या सूक्ष्म भेगा. सॅनिटायझर, स्पिरिट किंवा अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड वर्षानुवर्षं मारलं की असं होतं. अशा टँकला सॉल्व्हंट लागलं की भेगा आणखी पळतात. तो कापण्यात वेळ घालवू नका.

आता एक मस्त प्रयोग. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर पूर्ण पांढरं पान उघडा. स्क्रीनचा प्रकाश पोलराइज्ड असतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच दिशेत. पोलराइज्ड गॉगल डोळ्याला लावून मान तिरपी करा, एका कोनात स्क्रीन काळी होईल. त्याच कोनात राहून अ‍ॅक्रिलिकचा तुकडा मध्ये धरा. जिथे प्लास्टिकमध्ये ताण अडकलाय तिथे अंधारातून उजेडाचे पट्टे दिसतील. अ‍ॅक्रिलिकमध्ये ते फिकट असतात, सीडीच्या जुन्या पारदर्शक डब्यात झगमगीत रंग दिसतात. आधी डबीवर बघून डोळ्याला सवय करा. मी कापलेल्या पहिल्या तुकड्याच्या कडेला असा पट्टा स्पष्ट दिसत होता. ब्लेड तापून कड वितळली होती, तिथेच ताण साचला. हे मला फुटल्यावर कळलं, आधी बघितलं असतं तर ड्रॉवरमधले मोबाईल कोरडे राहिले असते.

नवी पाटी घेताना 'कास्ट' शीट मागा. दुकानात 'एक्स्ट्रुडेड' स्वस्त मिळते, पण ती कापताना वितळून ब्लेडला चिकटते आणि सॉल्व्हंटने लवकर तडकते. मी पहिल्यांदा नेमप्लेटवाल्याकडून उरलेला तुकडा आणला होता, कुठली शीट ते विचारलंच नाही. दुसऱ्यांदा धुळ्याहून विचारून कास्ट आणली.

कापणी

हॅक्सॉने सरळ कापणं जवळपास अशक्य. गावातल्या फर्निचरवाल्याकडे सर्क्युलर कटर आणि राउटर दोन्ही असतात, त्याला अर्धा दिवस बोलवा. बारीक दातांचं ब्लेड, सरळ पट्टीचा आधार, आणि घाई नाही. थांबत थांबत कापा म्हणजे ब्लेड तापत नाही. रेषेच्या तीन-चार मिलिमीटर बाहेरून कापून मग राउटरने कड समपातळीत आणा. संरक्षक कागद शेवटपर्यंत काढू नका.

जोडायची कड सपाट हवी, चकचकीत नको. काही व्हिडिओंमध्ये गॅसच्या ज्योतीने कड चमकवतात. शोभेच्या वस्तूला ठीक, पण जोडायच्या कडेला नाही. आच लागली की ताण अडकतो आणि सॉल्व्हंट लागताच तिथून क्रेझिंग सुरू होतं.

जोड: इथे महिना महत्त्वाचा

सर्वात जास्त वापरलं जाणारं सॉल्व्हंट म्हणजे डायक्लोरोमिथेन. ते साधारण ४० अंशांना उकळतं. आता सांगा, मे महिन्यात दुपारी आपल्याकडे पारा किती असतो? मी पहिला जोड मे महिन्यातच दिला, पत्र्याच्या शेडखाली. सॉल्व्हंट कडेत शिरायच्या आधीच उडून जात होतं आणि जोडात बुडबुड्यांची रांग राहिली. मला वाटलं दिसायला खराब आहे एवढंच. जोड उघडला तो बरोबर त्या बुडबुड्यांपासून. एका उभ्या जोडात चार इंचांच्या वर बुडबुडे होते, म्हणून खालचं चार इंच पाणी राहिलं आणि मासे वाचले.

मग पावसाळ्यात करावं का? तेही नको. सॉल्व्हंट उडताना कड थंड पडते, हवेतली वाफ तिथे जमते आणि जोड दुधाळ पांढरा होतो. खानदेशात या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. हवा कोरडी आणि गार. मी दुसरा जोड डिसेंबरात, सकाळचं धुकं गेल्यावर दिला.

पद्धत अशी. नवी पाटी टेबलावर आडवी ठेवा, दोन-तीन मिमी मोठीच कापलेली. टँक उभा करून त्याचं कापलेलं तोंड पाटीवर टेकवा, म्हणजे टँकचं वजनच दाब देईल. जोडात थोड्या थोड्या अंतरावर बारीक टाचण्या सरकवा. सिरिंजने सॉल्व्हंट कडेला सोडा, ते फटीत आपोआप ओढलं जातं. वातीत तेल चढतं तसंच. अर्धा-एक मिनिट थांबून टाचण्या अलगद काढा. मऊ झालेल्या कडा एकमेकांत बसतात. मग दोन दिवस हात लावायचा नाही आणि आठवडाभर पाणी भरायचं नाही. बाहेर आलेली दोन मिमी नंतर राउटरने काढा.

सिलिकॉन अ‍ॅक्रिलिकला नीट धरत नाही, सोलून निघतं. झटपट चिकटणारा गोंद ठिसूळ असतो आणि पाटी पांढरी करतो. जोड चुकला तर वरून लेप देऊ नका, अर्धा-पाऊण इंच पुन्हा कापा आणि नव्याने जोडा. मी तेच केलं.

आणि हे गांभीर्याने घ्या: डायक्लोरोमिथेनची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद खोलीत खाली साचते, आणि शरीरात गेल्यावर तिच्या काही भागाचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. अमेरिकेने २०२४ मध्ये त्याच्या घरगुती वापरावर बंदीचा नियम काढला. नेमप्लेटवाले अनेकदा क्लोरोफॉर्म वापरतात, तेही साधं नाही. काम अंगणातच करा, कापडी मास्कचा काही उपयोग नाही, लहान मुलांना लांब ठेवा. अंगण नसेल तर हे काम साइनबोर्डवाल्याकडून करून घ्या.

वरची पट्टी विसरू नका

टँकच्या वर चारही बाजूंनी आत वळलेली पट्टी असते. ती झाकण ठेवायला नसते. पाट्यांना फुगू न देणारा तो कमरपट्टा आहे. उंची कापताना ती निघून जाते, म्हणून दोन-अडीच इंच रुंदीची नवी पट्टी, शक्यतो एकाच शीटमधून चौकटीसारखी कापून, वर जोडा. चार सुटे तुकडे जोडले तर कोपऱ्यांत तेच कच्चे राहतात.

खाली पूर्ण तळाला आधार हवा. सपाट प्लायवूड आणि त्यावर थर्माकोलचा पातळ थर. मोबाईलमधलं लेव्हलचं अ‍ॅप लावून दोन्ही दिशांनी तपासा. फक्त फोनचं कव्हर काढा, कॅमेऱ्याचा उंचवटा कडेबाहेर ठेवा, आणि फोन उलटा फिरवून दुसऱ्यांदा मोजा. दोन्ही वेळा आकडा सारखा आला तरच खरा.

उष्णतेचाही विचार करा. हिवाळ्याच्या पहाटेपेक्षा उन्हाळ्याच्या दुपारी २५ अंशांचा फरक धरला तर ९० सेंमी अ‍ॅक्रिलिक दीड मिलिमीटरने वाढतं. त्यामुळे टँक भिंत आणि कपाट यांच्यात घट्ट ठोकून बसवू नका.

टेस्ट: सात दिवस, अंगणात

पहिल्या वेळी मी एक दिवस अर्धा टँक भरून ठेवला, थेंब दिसला नाही, आणि थेट दुकानात नेला. अर्ध्या उंचीला एकूण जोर पाव असतो, हे लेखात लिहायला सोपं, तेव्हा सुचलं नाही. शिवाय प्लास्टिक सतत भाराखाली हळूहळू सैलावतं, म्हणून जोड पहिल्या तासात नाही, तिसऱ्या रात्री उघडतो.

आता मी असं करतो. पहिल्या दिवशी एक तृतीयांश, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण, आणि मग चार दिवस तसाच. खाली वर्तमानपत्र अंथरा, थेंब पडला तर डाग राहतो. जुना फोन स्टँडवर लावून टाइमलॅप्स सुरू ठेवा, शेजारी पट्टी उभी करा. पाटीच्या दोन्ही टोकांना दोरा ताणून मधला फुगवटा रोज मोजा. फुगवटा असणं चूक नाही. तो तिसऱ्या दिवसानंतरही वाढत असेल तर पाणी काढा.

दुकानात बसवताना वायरी टँकच्या खाली लोंबत्या वळणाने न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत न जाता वळणावरून खाली पडेल. बोर्ड जमिनीवर नको. त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा. साधा एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही, तो वायर वाचवतो.

माशांचं काय?

काम चालू असताना मासे टबमध्ये, त्याच जुन्या पाण्यात, एअर पंप लावून. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊन वाळवू नका. त्यातले जिवाणू माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवतात, ते मेले तर नवा टँक माशांसाठी विषारी होतो. पाणी कमी झालं तर मासेही कमी करा. जास्तीचे मासे ओळखीत द्या. पांझरेत किंवा लाटीपाडा धरणात सोडून 'पुण्य' कमवू नका, बाहेरचे मासे इथल्या माशांच्या मुळावर येतात.

मोठ्यांचंही चुकतं

१६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे बर्लिनमधल्या एका हॉटेलातला अ‍ॅक्वाडोम फुटला. अ‍ॅक्रिलिकचा प्रचंड उभा नळा, दहा लाख लिटर पाणी, सुमारे दीड हजार मासे. पहाट होती म्हणून माणसं वाचली. तपासानंतर तज्ज्ञांनी तीन शक्यता मांडल्या: जोड सुटणं, दुरुस्तीच्या वेळी तळाजवळ पडलेला खाचा, किंवा रिकामा असताना अ‍ॅक्रिलिक जास्त सुकणं. नक्की कोणती, ते सिद्ध झालं नाही. पण यादी वाचताना मला माझा मे महिना आठवला. जोड, ओरखडा, कोरडेपणा. शत्रू तेच, आकार वेगळा.

आमचा टँक आता साधारण ५८ सेंमी लांब आहे, आणि या वेळी उंचीही कापून पाणी ३५ सेंमीवर आणलं. ७७ लिटर. पुढच्या पाटीवर जोर ९१ वरून ३५ किलोंवर आलाय. पोट जवळपास दिसत नाही. आतेभावाने मासे निम्मे मावशीकडे दिले आणि मोबाईलचा ड्रॉवर टँकपासून दूर, भिंतीवर उंच लावला. टँकवर त्याचा विश्वास बसलाय, माझ्यावर अजून पूर्ण नाही. ते ठीकच आहे.

खर्चाचं खरं सांगायचं तर पाटी, सॉल्व्हंट आणि फर्निचरवाल्याची मजुरी धरता दोन फुटी काचेचा नवा टँक फार महाग पडला नसता. त्यामुळे तुमचा टँक जुना, क्रेझिंग झालेला किंवा पाच मिमीपेक्षा पातळ असेल तर त्यात आता झाडं लावा. चांगला असेल, अंगण असेल आणि डिसेंबर असेल, तर करवत काढा. आणि आधी वरून कापता येतंय का ते बघा.